एकट्यानं लांबचं विमान: जादा पैसे कुठं घालायचे? बेळगाव-खानापूर-निपाणीकडून निघणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इकडच्या भागातली पोरं शिकायला, नोकरीला बाहेर गेली; आता त्यांच्या मागोमाग आई-वडील, सासू-सासरे आणि नव्यानं लग्न झालेल्या मुलीही एकेकट्या निघतात. तिकीट काढायच्या वेळी सगळ्यांचे प्रश्न थोड्याफार फरकानं तेच असतात. त्यांची उत्तरं इथं एकत्र दिली आहेत. भाडी आणि वेळापत्रकं बदलत राहतात, ती तिकीट काढताना पुन्हा बघून घ्या.

आरामासाठी थोडे जादा पैसे बाजूला काढलेत. पहिले कशावर घालू?

विमानाच्या सीटवर नको. आधी बेळगाव सोडल्यापासून विमानात पाय टाकेपर्यंतच्या प्रवासावर घाला.

सांब्र्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून, परदेशी विमान नाही. त्यामुळं आपल्याकडची नेहमीची पद्धत अशी: रात्री स्लीपर बस, सकाळी मुंबई, दिवसभर डोंबिवलीला मावशीकडं गप्पा, रात्री नऊला टॅक्सी, आणि मध्यरात्रीनंतर विमान. म्हणजे पंधरा तासांचा प्रवास सुरू व्हायच्या आधीच अंगावर एक रात्र आणि एक दिवस चढलेला असतो. अशा माणसानं दीड लाख जादा भरून झोपायची सीट घेतली, तरी तो निम्मे पैसे बसचा शीण काढायलाच मोजतो. त्यापेक्षा विमानतळाजवळ, अंधेरी-सहारच्या बाजूला, एक खोली घ्या. अनेक हॉटेलं फक्त दिवसापुरतीही खोली देतात. आंघोळ, चार तास झोप, गरम जेवण, मग विमान. याच्या जवळपास जाणारा सौदा विमानाच्या आत मिळत नाही. मावशीला परत येताना भेटा.

मुंबई, बेंगळुरू की गोवा? कुठून जाणं सोयीचं?

रस्त्यानं मुंबई आणि बेंगळुरू, दोन्ही साधारण पाचशे किलोमीटर. निपाणी, चिक्कोडी, संकेश्वरच्या लोकांना मुंबई जवळ वाटते, खानापूर-बैलहोंगलच्या लोकांना बेंगळुरू. पण अंतरापेक्षा वाटेत अंग किती मोडतं ते बघा.

बेंगळुरूच्या बाजूनं एक मोठी सोय झाली आहे. ऑगस्ट २०२५ पासून बेळगाव-बेंगळुरू वंदे भारत धावते. पहाटे निघते, दुपारी दोनच्या आत बेंगळुरूला पोचवते. बुधवारी नसते, हे तेवढं लक्षात ठेवा. रात्रीचं किंवा मध्यरात्रीनंतरचं विमान असेल तर ही गाडी चांगली जुळते, कारण आदली रात्र घरच्या अंथरुणात निघते. स्टेशनापासून विमानतळ पस्तीसेक किलोमीटर लांब आहे आणि संध्याकाळी तिकडची वाहतूक आपला घाम काढते. गाडीतून उतरलात की बाजारात न रेंगाळता थेट विमानतळाकडं निघा. परदेशी विमानं तिथं टर्मिनल २ वरून सुटतात.

गोव्यात दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ आहेत, आखातात जाणाऱ्यांनी तिथली भाडी जरूर बघावीत. घराच्या दारातून गाडीत बसलं की तीन-चार तासांत पोचता येतं. मात्र जून ते सप्टेंबरमध्ये चोर्ला किंवा आंबोली घाटाचा भरवसा धरू नका. दरड, धुकं, आडवा पडलेला ट्रक, काहीही होऊ शकतं. पावसाळ्यात निदान तीन तास जादा हाताशी ठेवा. आणि गाडीत मळमळणाऱ्या माणसाला घाटातून नेऊन लगेच विमानात बसवणं हा शुद्ध छळ आहे.

सांब्र्याहून मुंबई किंवा बेंगळुरूचं विमान घेतलं तर?

उत्तम, पण एका अटीवर: शक्य असेल तर बेळगावपासून शेवटच्या मुक्कामापर्यंत एकच तिकीट घ्या. एकाच तिकिटावर पहिलं विमान उशिरा आलं आणि पुढचं चुकलं, तर पुढची सोय करण्याची जबाबदारी कंपनीवर येते. दोन वेगळी तिकिटं असतील तर सांब्र्यावर धुक्यात अडकलेलं विमान ही तुमची डोकेदुखी. परदेशी कंपनी तुम्हाला ‘आलाच नाही’ असं धरून मोकळी होते.

सामानाचंही तेच. देशातल्या विमानात साधारण १५ किलोची मुभा असते. अमेरिकेच्या तिकिटावर बहुधा २३ किलोच्या दोन बॅगा. वेगळी तिकिटं काढून ४६ किलो सामान सांब्र्याला नेलंत तर जादा वजनाचे पैसे भरायची तयारी ठेवा. एकच तिकीट मिळत नसेल तर आदल्या दिवशीच मुंबई गाठा. तसंच मुंबईत टर्मिनल १ आणि टर्मिनल २ या वेगळ्या इमारती आहेत, मध्ये रस्त्यानं जावं लागतं. परदेशी विमान टर्मिनल २ वरून.

तिकिटावर १५ तारीख, रात्री १२:४०. घरातून कधी निघायचं?

विमानतळावर १४ तारखेच्या रात्री नऊ-साडेनऊला हजर असायला हवं. म्हणजे घर त्याआधी सोडायचं. कितीही शिकलेल्या घरात हा घोटाळा होतो. कॅलेंडरवर १४ तारखेलाच गोल करून ठेवा.

इकॉनॉमीतच जायचंय. कुठली सीट घेऊ?

एकट्यानं जाणाऱ्याचा एक फायदा असा, की त्याला कुणाच्या शेजारी बसायचं नसतं. त्यामुळं विमानात सगळीकडं बघून एकच चांगली जागा उचलता येते. त्यासाठी हजार-दोन हजारांपासून तीन-चार हजार रुपयांपर्यंत पडतात. लांबच्या प्रवासात मी हे पैसे बिनधास्त भरायला सांगतो.

आधी विमान कुठलं आहे ते तिकिटावर वाचा. बोइंग ७७७ मध्ये इकॉनॉमीच्या ओळीत बहुधा ३-४-३ अशा दहा सीटा असतात. ७८७ आणि एअरबस ए३५० मध्ये ३-३-३. ए३३० मध्ये २-४-२. दहा सीटांच्या विमानात खांदे जास्त घासतात, हे उघडच आहे. भाड्यात फार फरक नसेल तर ७८७ किंवा ए३५० घ्या. या दोन विमानांत केबिनमधला हवेचा दाब सहा हजार फूट उंचीइतका राखलेला असतो, जुन्या विमानांत तो आठ हजार फुटांपर्यंत जातो. हवाही थोडी कमी कोरडी असते. उतरल्यावर डोकं कमी जड वाटतं, असा बऱ्याच जणांचा अनुभव आहे.

आता ओळीतली जागा. झोप लागणारा माणूस असाल तर खिडकी. टेकायला भिंत मिळते आणि कुणी उठवत नाही. सारखं उठावं लागत असेल, गुडघे धरत असतील, मधुमेह असेल तर आयल, म्हणजे वाटेला लागून असलेली सीट. त्यातही एक मेख आहे. तीन सीटांच्या गटात खिडकीकडचे दोघंही तुम्हाला उठवूनच बाहेर पडतात. मधल्या चारांच्या गटात वाटेकडची सीट घेतली तर तुमच्यावरून फार तर एकच माणूस जातो, कारण पलीकडच्या दोघांना त्यांची वाट आहे. शिवाय विमान भरलेलं नसलं तर त्या गटातल्या मधल्या सीटाच सगळ्यात शेवटी भरतात.

पंखाच्या आसपासच्या ओळींत हेलकावे कमी जाणवतात, शेपटीकडं जास्त. अगदी शेवटची ओळ टाळा: पाठ मागं जात नाही आणि संडासाबाहेरची रांग डोक्यावर उभी राहते.

फुकट सीट हवी असेल तर वेब चेक-इन उघडल्या उघडल्या, म्हणजे बहुतेक कंपन्यांत २४ ते ४८ तास आधी, फोन हातात घेऊन बसा.

पुढं पाय पसरायला जागा असलेली सीट घेण्यात अर्थ आहे का?

उंच माणसाला आहे. साध्या इकॉनॉमीत एका सीटच्या पाठीपासून पुढच्या सीटच्या पाठीपर्यंत ३१-३२ इंच मिळतात. संकटकालीन दरवाजाच्या ओळीत भरपूर जागा असते, पण तिथं धडधाकट माणूसच बसवतात. गरोदर बाई, लहान मूल बरोबर असलेले, कमरेच्या पट्ट्याला जोडपट्टा लागणारे यांना तिथं बसवत नाहीत आणि कर्मचाऱ्यांच्या सूचना समजल्या पाहिजेत. टेबल हातटेकणीत घडी केलेलं असतं, म्हणून हातटेकणी वर होत नाही आणि बसायची जागा जरा आखूड लागते. विमान सुटताना आणि उतरताना पिशवी पायाशी ठेवता येत नाही.

दुसरा प्रकार पडद्याच्या किंवा भिंतीच्या मागच्या पहिल्या ओळीचा. तिथं बाळाचा पाळणा अडकवायची सोय असते. म्हणजे पैसे तुम्ही भरणार आणि रात्रभर रडणं शेजारच्या बाळाचं. लेकुरवाळ्यांची ती हक्काची जागा आहे, तक्रार करायला जागा नाही; तुम्हीच दुसरीकडं बसा.

प्रीमियम इकॉनॉमी घ्यावी का? का थेट बिझनेस?

दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. प्रीमियम इकॉनॉमीत सीट थोडी रुंद, पायाला सहाएक इंच जास्त जागा, पाठ जास्त मागं जाते, जेवण बरं. भाडं साधारण इकॉनॉमीच्या दीड ते दोन पट. पण तुम्ही बसूनच झोपणार. बिझनेसमध्ये सीटचा पलंग होतो, भाडं सहज तीन-चार पट. सगळ्या कंपन्या प्रीमियम देतही नाहीत. एमिरेट्स आणि लुफ्थान्साच्या बऱ्याच विमानांत ती आहे, कतार एअरवेजमध्ये नाही.

हिशेब तासावर करा. समजा प्रीमियमला ४० हजार जादा पडतात आणि विमान १६ तासांचं आहे. तासाला अडीच हजार झाले. आता स्वतःला विचारा: गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे का? कंबर धरते का? उतरल्यावर त्याच दिवशी परीक्षा, मुलाखत, कामाची मीटिंग आहे का? यातलं एक जरी असेल तर द्या. नसेल तर ते पैसे पोरांकडं गेल्यावर कामी येतील.

दुबईपर्यंतच्या साडेतीन-चार तासांसाठी प्रीमियम घेण्यात मला तरी काही राम दिसत नाही. दुबईहून अमेरिकेच्या तेरा-सोळा तासांच्या टप्प्यालाच घ्या. बऱ्याच कंपन्या एकाच टप्प्याचं अपग्रेड, म्हणजे जादा पैशांत वरचा वर्ग, देतात. आणि एकाच टप्प्याचं घ्यायचं असेल तर रात्रीच्या विमानाचं घ्या, दिवसाच्या नको.

करही ध्यानात घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून इकॉनॉमीच्या तिकिटावर जीएसटी ५ टक्के आहे, त्यावरच्या वर्गांवर १२ चा १८ टक्के झाला. दाखवलेलं भाडं बहुधा करासकट असतं, तरी शेवटच्या पानावरचा आकडाच खरा धरा.

अपग्रेड स्वस्तात मिळतं म्हणतात, ते कसं?

काही कंपन्या प्रवासाच्या काही दिवस आधी ईमेल पाठवून बोली लावायला सांगतात. विमान निघायच्या एक-दोन दिवस आधी निकाल कळतो. मिळालं नाही तर पैसे कापले जात नाहीत. कधी चेक-इनच्या खिडकीवरही रिकामी सीट कमी पैशांत देतात. मिळालं तर नशीब. ज्याला खरोखर गरज आहे, उदाहरणार्थ कंबरेचा त्रास असलेले काका, त्यांना बोलीच्या भरवशावर ठेवू नका. अंगात चांगला शर्ट घालून गेल्यानं कुणी बिझनेसमध्ये बसवत नाही, ही निव्वळ दंतकथा.

शेजारची सीट विकत घेता येते?

काही कंपन्यांत येते. एतिहाद शेजारची सीट रिकामी ठेवायची बोली घेते. लुफ्थान्सा काही लांबच्या उड्डाणांत चेक-इनच्या वेळी अख्खी ओळ विकते, आडवं पडायला. प्रीमियमपेक्षा स्वस्तात पडली तर एकट्या, ठेंगण्या माणसाला ही सोय जास्त चांगली.

पैसे भरलेली सीट किंवा वर्ग मिळाला नाही तर?

विमान बदललं म्हणून सीट बदलली, तर सीटचे पैसे परत मागा. न मागता ते बहुधा येत नाहीत. पावती जपून ठेवा.

वर्गच खाली आणला, म्हणजे बिझनेसचं तिकीट असून इकॉनॉमीत बसवलं, तर डीजीसीएचा, म्हणजे देशातल्या विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याचा, नियम आहे. फेब्रुवारी २०२३ पासून देशातल्या उड्डाणात त्या तिकिटाच्या ७५ टक्के रक्कम करासकट परत मिळते. परदेशी उड्डाणात अंतरावर आहे: १५०० किलोमीटरपर्यंत ३० टक्के, ३५०० पर्यंत ५०, त्यापुढं ७५ टक्के. काउंटरवर शांतपणे, पण लेखी मागा.

आई सत्तरीची आहे, एकटी जाणार. इंग्रजी येत नाही. तिच्यासाठी बिझनेस काढू का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. बिझनेस काढायची ऐपत असेल तर काढा, पण ते शेवटी. आईची भीती वेगळीच असते: दुबईत गेट सापडेल का, कुणी काही विचारलं तर काय सांगू, बॅग कुठं येईल.

म्हणून आधी थेट विमान. मुंबईहून न्यूयॉर्कचं थेट विमान पंधरा-सोळा तास घेतं. बसणं लांबतं, पण मध्ये हरवायला जागा नाही. थांबा टाळताच येत नसेल तर एकच, आणि तीन ते पाच तासांचा. दीड तासाचा नको.

मग व्हीलचेअर. ती फुकट असते आणि तिकिटातच नोंदवावी लागते, निदान ४८ तास आधी. “मी काय लंगडी आहे का?” असं आई म्हणणार. तिला सांगा, ही चालायची सोय नाही, वाट दाखवणारा माणूस आहे. तो इमिग्रेशनच्या रांगेतून, सुरक्षातपासणीतून, पुढच्या गेटपर्यंत आणि उतरल्यावर बॅग घेऊन दारापर्यंत आणतो. पण खरोखर गरज नसलेल्या धडधाकटांनी ती मागू नये. त्यामुळं ज्यांना पाऊल टाकता येत नाही ते खोळंबतात.

त्याहून जास्त सोबत हवी असेल तर पैसे भरून मिळते: मुंबईत प्रणाम, दुबईत मरहबा, दोहात अल महा या नावांच्या सेवा आहेत. आईसाठी प्रीमियमची सीट की ही सोबत, असं निवडायचं झालं तर मी सोबत निवडेन.

भाषेचं म्हणाल तर आपल्या सीमाभागातल्या आयांना एक जमेची बाजू आहे. जिला कानडी चांगलं येतं ती बेंगळुरूहून निर्धास्त जाते, जिला मराठीच येतं ती मुंबईहून. विमानतळ निवडताना एवढाही विचार करा. शिवाय एका कागदावर इंग्रजीत नाव, कुठं जाणार, पुढच्या विमानाचा क्रमांक, घ्यायला येणाऱ्याचं नाव-नंबर, औषधं आणि आजार लिहून पासपोर्टच्या पाकिटात घाला. ही चिठ्ठी फोनमध्ये नको. फोनची बॅटरी नेमकी दोहात संपते.

सीट आयल, संडासापासून चार-पाच ओळी अलीकडं. आईला खिडकीत बसवलंत तर शेजारच्याला उठवायच्या संकोचानं ती पाणीच पिणार नाही.

थांबा लांबचा असेल तर तिथं काय करावं?

सहा तासांच्या पुढं थांबा असेल तर लाउंजचे पैसे द्या: जेवण, आंघोळ, टेकायला खुर्ची. आधी आपलं क्रेडिट कार्ड परदेशी लाउंज देतं का ते बघा. दुबई आणि दोहा, दोन्हीकडं विमानतळाच्या आतच तासावर झोपायच्या खोल्या मिळतात. बाहेर पडावं लागत नाही, व्हिसाही लागत नाही. युरोपातून किंवा लंडनहून विमान बदलणार असाल तर ट्रान्झिट व्हिसाचा नियम तिकीट काढायच्या आधी बघा, नंतर नको.

एकट्या बाईनं काही वेगळं बघावं का?

आयल सीट घ्या, म्हणजे कुणी वाट अडवून बसत नाही. शेजारी त्रास देतोय असं वाटलं तर सहन करत बसू नका. उठून मागच्या बाजूला कर्मचारी असतात तिथं जा आणि सांगा. सीट बदलून देतात. मध्यरात्री उतरणारं स्वस्त विमान आणि सकाळी उतरणारं थोडं महाग विमान यांत सकाळचं घ्या. आरामावर घातलेला पैसाच आहे तो.

पाय सुजतात, गाठ होते म्हणतात. किती खरं?

सुजणं नेहमीचं आहे, एक-दोन दिवसांत उतरतं. रक्ताची गाठ होणं क्वचित, पण खरं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालाप्रमाणं चार तासांहून जास्त प्रवासानं हा धोका साधारण दुप्पट-तिप्पट होतो, तरी निरोगी माणसात तो सहा हजारांत एकाच्या आसपासच राहतो. आणि दोष विमानाचा नाही, तासन्‌तास न हलता बसण्याचा. रात्रभराच्या बसलाही तो लागू आहे. बस आणि विमान लागोपाठ करणाऱ्यांनी हे वाक्य परत वाचावं.

दर तासा-दीड तासानं घोटे फिरवा, टाचा वर-खाली करा, उठून चार पावलं चाला. मापाचे घट्ट मोजे गुडघ्याखालपर्यंतचे घ्या. त्यांची किंमत सीटच्या मानानं काहीच नाही. आधी गाठ झालेली, नुकती शस्त्रक्रिया झालेली, गरोदर, कॅन्सरचे उपचार चालू असलेली माणसं असतील तर डॉक्टरांना विचारूनच तिकीट काढा. बिझनेस घेतल्यानं हा धोका आपोआप जात नाही. तिथंही उठावं लागतंच.

इन्सुलिन आणि रोजची औषधं चिठ्ठीसकट हातातल्या पिशवीत. सुटकेसमध्ये कधीच नाही.

खायला काय न्यावं?

तिकिटात हिंदू शाकाहारी किंवा जैन जेवण आधी नोंदवा, निदान २४ तास. ते फुकट असतं आणि इतरांच्या आधी येतं. बरोबर दशम्या, कोरडी चटणी, धपाटी, गोकाकचा करदंट. ओली चटणी, लोणचं, दही सुरक्षातपासणीत द्रव धरतात, १०० मिलीच्या वर असलं तर गेलं. कुंदा सुटकेसमध्ये घाला, पण तो दुधाचा पदार्थ आहे, ज्या देशात जाताय तिथला नियम आधी बघा. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या घालू नका. तेलामुळं पेट घेतात म्हणून विमानात बंदी आहे. पॉवर बँक हातातल्याच पिशवीत. एमिरेट्सनं ऑक्टोबर २०२५ पासून ती विमानात वापरायलाही मनाई केली आहे.

परत येताना काय?

येताना मन सैल असतं आणि तिथंच चूक होते. पहाटे मुंबईत उतरायचं आणि घ्यायला आलेल्या भाच्याच्या गाडीतून सरळ बेळगाव. तो भाचाही रात्रभर गाडी चालवत आलेला. दोघांपैकी कुणीही चाकामागं बसण्याच्या स्थितीत नसतं. ड्रायव्हर घ्या, किंवा दोघांनी सकाळी तिथंच खोली घेऊन झोपा आणि दुपारनंतर निघा. बेंगळुरूला सकाळी उतरणाऱ्यांना वंदे भारत दुपारी दोन-सव्वादोनच्या सुमारास मिळते, रात्री अकराच्या आत बेळगावला सोडते. मात्र विमान उशिरा आलं तर ती चुकणार, म्हणून त्या दिवशीचं रात्रीच्या रेल्वेचं एक तिकीटही काढून ठेवा. रद्द केलं तर थोडे पैसे जातात, तेवढे जाऊ द्यात.